'जड उचलू नका' हा सल्ला अपुरा आहे

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या किंवा नुसताच रक्तदाब वाढलेल्या माणसाला दवाखान्यातून निघताना दोन सूचना हमखास मिळतात: रोज चाला आणि जड उचलू नका. पहिलीबद्दल काही तक्रार नाही. दुसरी मात्र इतकी अपुरी आहे की तिच्यामुळे नुकसान होतं. जड म्हणजे किती किलो? किती आठवडे? दोन्ही हातांनी उचललं तर चालेल का? जमिनीवरून उचलायचं नाही, की डोक्याच्या वर न्यायचं नाही? यांतलं काहीच सांगितलं जात नाही, म्हणून माणूस सगळंच सोडून देतो. बादली, सामानाची पिशवी, लहान मूल, सगळं दुसऱ्यानं उचलायचं. शिवाय ही सूचना पुढे कुणी मागे घेत नाही. काही आठवड्यांसाठी दिलेली खबरदारी आयुष्यभराचं पथ्य होऊन बसते.

माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक स्थिर हृदयरोग्यांना आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना वजनांचा व्यायाम औषधासारखा लिहून दिला पाहिजे: मात्रा, वेळ, वाढवण्याची रीत आणि कुणी टाळायचा, हे सगळं धरून. मोघम बंदी हे सावधपणाचं लक्षण मानलं जातं, पण बंदीचेही दुष्परिणाम असतात आणि ते मोजले गेले आहेत.

आधी भीतीकडे पाहू, कारण ती उगाच आलेली नाही. 1985 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत नळी घातली आणि ते जड वजनं उचलत असताना रक्तदाब थेट आतून मोजला. दोन्ही पायांनी लेग प्रेस करताना, म्हणजे मशिनचं वजन पायांनी ढकलताना, सरासरी आकडा 320/250 पर्यंत चढला. एकाचा तर 480/350 च्याही वर गेला. हे आकडे ज्यानं एकदा वाचले त्याला हृदयरोग्याच्या हातात डंबेल देताना धडकी भरणारच.

पण एका आवर्तनात, म्हणजे वजन एकदा ढकलून परत आणण्यात, नेमकं काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. पाय वजन ढकलू लागतात तेव्हा मांड्यांचे स्नायू आवळतात. ओलं कापड पिळावं तशा त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात आणि रक्ताला पुढे जायची वाट अरुंद होते. त्याच वेळी मेंदू आणि स्नायूंमधल्या चेतातंतूंकडून हृदयाला जोर वाढवण्याचा आदेश जातो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वजन अडलं की माणूस नकळत श्वास कोंडतो, घसा बंद करून आतल्या आत जोर लावतो. छातीच्या पिंजऱ्यातला दाब वाढतो आणि तो सरळ महाधमनीतल्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतल्या, दाबात मिळवला जातो. याच दाबामुळे शरीराकडून हृदयाकडे परत येणारं रक्तही अडतं. जोर लावणं थांबलं, श्वास सुटला आणि स्नायू सैल पडले की पिळलेल्या वाहिन्या एकदम उघडतात आणि रक्तदाब काही सेकंदांतच खाली येतो, कधी कधी सुरुवातीपेक्षाही खाली. सेट, म्हणजे सलग आवर्तनांचा एक गट, संपवून झटकन उठलेल्या माणसाला चक्कर येते ती यामुळे.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेट झाल्यावर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि आकडा चांगला आला, तर उचलताना तो चांगलाच होता असं समजू नये. पट्टा फुगून सुटेपर्यंत शिखर कधीच उतरलेलं असतं.

आता प्रश्न असा, की 1985 च्या प्रयोगातली माणसं काय करत होती? ती आपल्या ताकदीच्या जवळजवळ टोकाचं वजन, शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंनी, आवर्तन निघेनासं होईपर्यंत, श्वास कोंडून ढकलत होती. रक्तदाब चढवणाऱ्या चारही गोष्टी एकाच वेळी हजर होत्या. टोकाच्या ताकदीच्या, म्हणजे जेमतेम एकदाच उचलता येईल त्या वजनाच्या, साधारण 80 टक्क्यांच्या वरचं वजन असेल, किंवा हलकंच वजन थकून अडेपर्यंत उचललं, तर श्वास कोंडणं टाळता येत नाही. 40 टक्के वजन, 12 आवर्तनं, श्वास वाहता आणि आणखी तीन-चार आवर्तनं निघतील इतकी ताकद शिल्लक ठेवून थांबणं, हा निराळा व्यायाम आहे. दोन्हींना 'वेट ट्रेनिंग' हे एकच नाव आहे म्हणून पहिल्याचे आकडे दुसऱ्याला लावणं चूक आहे.

मध्यम वजनांच्या व्यायामाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. हृदयावर पडणारा कामाचा बोजा ढोबळपणे नाडीचे ठोके गुणिले वरचा रक्तदाब असा धरतात. भराभर चालताना किंवा चढ चढताना ठोके बरेच वाढतात. मध्यम वजनं उचलताना ते तेवढे वाढत नाहीत, त्यामुळे गुणाकार अनेकदा आटोक्यात राहतो. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. वजन उचलताना खालचा रक्तदाब वाढतो आणि ठोके कमी असल्यानं ही विश्रांतीही पुरेशी लांब राहते, म्हणजे हृदयाच्या धमन्यांत रक्त ढकलणारा जोर वाढतो. हृदयरोग्यांना देखरेखीखाली व्यायाम करवणाऱ्या पुनर्वसन कार्यक्रमांतल्या निरीक्षणांत मध्यम वजनं उचलताना छातीत दुखणं किंवा ईसीजीत रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा ट्रेडमिलवरच्या व्यायामापेक्षा जास्त दिसल्या नाहीत, उलट कमीच दिसल्या.

आता बंदीच्या परिणामांकडे येऊ. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांमधलं जवळपास 1 किलो स्नायूंचं वजन घटलं. ही माणसं आजारी नव्हती. झटका, आयसीयू, शस्त्रक्रिया आणि त्यानंतर घरच्यांच्या प्रेमापोटी लाभलेली सक्तीची विश्रांती यांतून जाणाऱ्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. चालण्यानं दम सुधारतो, पण सपाट रस्त्यावर चालून गेलेले स्नायू परत येत नाहीत. त्यांना त्यांच्या सवयीपेक्षा जास्त भार मिळाला तरच ते वाढतात.

स्नायू घटले की जड या शब्दाचा अर्थच बदलतो. एका हातानं जास्तीत जास्त 20 किलो उचलू शकणाऱ्या माणसाला 12 किलोची पिशवी म्हणजे ताकदीच्या 60 टक्के भार. ताकद घटून 14 किलोवर आली की तीच पिशवी 86 टक्के होते. आता ती उचलताना श्वास कोंडला जाणार, दाब उसळणार आणि ज्या गोष्टीची भीती होती ती जिममध्ये न जाता, दारातच घडणार. ताकद वाढवून 24 किलोवर नेली तर तीच पिशवी निम्म्या ताकदीत उचलली जाते. वजनांचा सराव केलेल्या वयस्क पुरुषांमध्ये तेच वजन उचलताना रक्तदाब आणि ठोके पूर्वीपेक्षा कमी चढतात, हे मॅकमास्टरच्याच संशोधकांनी 1993 साली धमनीत नळी घालून दाखवलं. ज्या संशोधनगटाच्या आकड्यांनी भीती पसरली त्याच गटानं तिचं उत्तरही दिलं, पण उत्तर तेवढं पसरलं नाही. बायकांच्या बाबतीत हे आणखी तीव्र आहे. मुळात स्नायू कमी, त्यामुळे घरातली तीच बादली त्यांना टक्केवारीत नेहमीच जास्त जड पडते, आणि वजनं उचलण्याचा सल्ला त्यांना पुरुषांहूनही क्वचित मिळतो.

ताकद आणि हृदय यांचा संबंध लोकसंख्येच्या पातळीवरही दिसतो. 'प्युअर' या 17 देशांतल्या अभ्यासात सुमारे 1,40,000 लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजून पुढे त्यांचा मागोवा घेतला. 2015 साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पकडीतल्या प्रत्येक 5 किलोच्या घटीमागे हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त दिसला, आणि मृत्यूचा अंदाज बांधायला पकड ही वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त उपयोगी ठरली. याचा अर्थ हाताची स्प्रिंग दाबत बसल्यानं हृदय वाचतं असा नाही. पकड ही सगळ्या अंगातल्या स्नायूंची खूण आहे.

वजनांच्या व्यायामाचा थेट फायदा किती, याबद्दल फुगवून बोलायची गरज नाही, कारण खरे आकडे पुरेसे बोलके आहेत. 2023 साली 270 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात वजनांच्या व्यायामानं विश्रांतीतला रक्तदाब सरासरी 4.5/3 नं उतरला. चालणं, धावणं, सायकल यांसारख्या व्यायामानं तो 4.5/2.5 नं उतरला होता, म्हणजे दोन्ही तोडीस तोड. दोन्ही एकत्र केले तर वरचा आकडा 6 नं खाली आला. 2022 च्या दुसऱ्या एका आढाव्यात स्नायू बळकट करणारे व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार, मधुमेह यांचा धोका 10 ते 17 टक्के कमी आढळला, आणि सर्वाधिक फायदा आठवड्याला 30 ते 60 मिनिटांवर होता. हे निरीक्षणांवरचे आकडे आहेत. असा व्यायाम करणारी माणसं इतर बाबतींतही तब्येतीची काळजी घेतात, तेव्हा सगळं श्रेय वजनांना देता येत नाही. तरी आठवड्याला तासाभराच्या आत मिळणारा हा लाभ सोडून देण्याजोगा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2000, 2007 आणि पुन्हा अलीकडे, हृदयविकार असलेल्यांसाठीही वजनांच्या व्यायामाची शिफारस करणारी निवेदनं काढली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंसाठीचे व्यायाम सांगितले आहेत. त्यातलं चालणं सगळ्यांच्या तोंडी झालं, दुसरा भाग कागदावर राहिला.

रक्तदाबापेक्षाही मोठं काम साखरेच्या बाबतीत होतं. जेवणानंतर इन्शुलिनच्या साहाय्यानं रक्तातून उचलली जाणारी बरीचशी साखर स्नायूंमध्ये जाते. स्नायू आकसले की ही साठवणीची जागा आकसते. व्यायाम केलेला स्नायू तर पुढचे काही तास इन्शुलिन कमी असतानाही साखर आत घेतो. मधुमेह आणि हृदयविकार एकत्र असणाऱ्यांची संख्या पाहता नुसत्या चालण्यावर भागवणं हे अर्धवट उपचार आहेत. उलट बाजूनं, नुसती वजनं करून चालणं सोडणारेही चुकतात. दम, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, वाढवायला चालणं, सायकल, पोहणं यांना पर्याय नाही, आणि वाईट कोलेस्टेरॉल वजनांनी फारसं उतरत नाही. त्यासाठीची गोळी चालूच ठेवायची.

विरोधातले दोन मुद्दे मला वजनदार वाटतात. पहिला धमन्यांच्या ताठरपणाचा. 2004 साली मियाची यांच्या जपानी अभ्यासात तरुणांनी चार महिने जोरकस वजनं केली तेव्हा मानेतल्या धमनीचा लवचिकपणा घटला. सराव थांबवल्यावर तो पूर्ववत झाला. पुढच्या अभ्यासांत जोडीला सायकलसारखा व्यायाम केला तर ही घट टळते असं दिसलं, आणि मध्यम वजनांत ती सातत्यानं आढळलेली नाही. त्यामुळे हा मुद्दा टोकाची वजनं एकटीच करण्याच्या विरोधात जातो. हृदयाची भिंत जाड होण्याबद्दलही असंच. 1975 पासून असं मानलं जात होतं की ताकदीच्या खेळाडूंचं हृदय जाड भिंतींचं होतं. नंतर एमआरआयनं मोजल्यावर तो फरक पूर्वी वाटला तेवढा ठळक दिसला नाही.

दुसरा मुद्दा महाधमनीचा, आणि इथे मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही. महाधमनी आधीच फुगलेली असताना आणि ते माहीत नसताना, फार जड वजन उचलण्याच्या क्षणी तिचे थर फाटल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत, त्याही तरुणांच्या. म्हणून घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, महाधमनीची झडप जन्मतः तीनऐवजी दोन पाकळ्यांची असेल, मार्फन सिंड्रोम हा शरीराच्या जोडऊतींचा जन्मजात आजार असेल किंवा त्याची शंका यावी अशी उंच, लांब हातापायांची ठेवण असेल, तर टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून महाधमनीची रुंदी मोजल्याशिवाय जड वजनांच्या वाटेला जाऊ नये. छातीचं दुखणं अस्थिर असेल, हृदय कमकुवत होऊन अंगावर सूज किंवा धाप वाढत असेल, ठोक्यांची लय बिघडलेली आणि अनियंत्रित असेल, महाधमनीची झडप खूप अरुंद होऊन लक्षणं दिसत असतील, हृदयाला किंवा त्याच्या आवरणाला ताजी सूज असेल, तर वजनं बंद. विश्रांतीत रक्तदाब 180/110 च्या वर असेल तर त्या दिवशी हात लावायचा नाही. 160/100 च्या वर असेल तर आधी औषधं बसवून घ्यायची. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जोर लावण्यानं आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञाला विचारून घ्यायचं.

ही यादी मोठी वाटेल, पण ती संपल्यावर उरणारे रुग्ण फार जास्त आहेत, आणि बंदीचा फटका त्यांनाच बसतो.

त्यांना काय लिहून द्यायचं? पुनर्वसन कार्यक्रमांमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेले आडाखे असे आहेत. नुसती अँजिओप्लास्टी झाली असेल तर किमान 3 आठवड्यांनी वजनं सुरू करता येतात, त्यातले 2 आठवडे चालण्यासारखा व्यायाम नियमित झालेला हवा. झटका किंवा बायपासनंतर किमान 5 आठवडे, त्यातले 4 देखरेखीखालच्या व्यायामाचे. बायपाससाठी छातीचं मधलं हाड कापलं जातं, ते जुळेपर्यंत हातांची वजनं साधारण 8 ते 12 आठवडे थांबतात. पायांचे व्यायाम मात्र त्याआधी सुरू करता येतात. छातीत कटकट आवाज येत असेल किंवा हाड हलल्यासारखं वाटत असेल तर सर्जनला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. पेसमेकर बसवल्यावर त्या बाजूचा हात पहिले काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर आतली तार सरकते.

सुरुवातीचं वजन ठरवायला टोकाची ताकद आजमावून पाहायची नाही. श्वास सहज वाहता ठेवून 15 वेळा उचलता येईल आणि आणखी चारेक वेळा निघेल असं वाटेल, ते आपलं वजन. ढोबळमानानं ते हातांसाठी टोकाच्या 30 ते 40 टक्के आणि पायांसाठी 50 ते 60 टक्के पडतं. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची, आपल्याला किती श्रम वाटतात ते आकड्यात सांगणारी, 6 ते 20 ची श्रमपट्टी इथे फार कामाची: 11 ते 13, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड', याच्या वर जायचं नाही. बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके औषधानं दाबलेले असतात, त्यांनी घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर विसंबूच नये. त्यांना ही पट्टीच खरी.

व्यायाम आठ-दहा पुरे, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान 48 तासांची सुट्टी. उदाहरणार्थ, खुर्चीतून हात न टेकता उठणं, 15 ते 20 सेंटीमीटरच्या पायरीवर चढउतार, उभ्यानं टाचा उचलणं, लेग प्रेस, भिंतीला हात टेकून पुशअप, रबरी पट्टा पोटाकडे ओढणं, एक-दोन किलोच्या डंबेलनं कोपर दुमडणं. प्रत्येकाचा पहिले काही आठवडे एकच सेट, 10 ते 15 आवर्तनांचा. वर नेताना दोन सेकंद, खाली आणताना तीन. खाली आणणं घाईत उरकलं तर निम्मा व्यायाम वाया जातो. दोन सेटमध्ये 60 ते 90 सेकंद थांबायचं. आधी पाच-दहा मिनिटं चालून अंग गरम करायचं आणि शेवटी तेवढंच चालून थांबायचं, एकदम बसायचं नाही.

श्वासाचा नियम पाठ असूनही पाळला जात नाही. जोर लावताना सोडायचा, परतताना घ्यायचा. यासाठी सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे आवर्तनं मोठ्यानं मोजणं. बोलणाऱ्या माणसाला घसा बंद करता येत नाही. आकडा तोंडातून फुटेनासा झाला की सेट तिथेच संपवायचा, ठरलेली आवर्तनं राहिली असली तरी.

बाकी चुका ठरावीक असतात. डंबेलची मूठ गरजेपेक्षा घट्ट आवळली जाते. नुसत्या घट्ट मुठीनंही रक्तदाब चढतो, म्हणून पायांचे व्यायाम करताना हँडल सैल धरायचं. वजन डोक्यावर नेण्याचे व्यायाम पहिल्याच आठवड्यात घेतले जातात, ते शेवटी घ्यावेत. हात वर असताना त्याच भाराला हृदयाला जास्त दाब द्यावा लागतो. आडवं पडून करायच्या व्यायामातून लगेच उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, विशेषतः छातीदुखीवरच्या नायट्रेट किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील तर. अर्धा मिनिट बसून मगच उठावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही घसरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्यांनी वजन अंगावर आपटणार नाही अशा मशिनी आणि रबरी पट्टे निवडावेत. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्यांनी स्नायूंच्या तक्रारीसाठी रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासायचं असेल तर आधीचे काही दिवस वजनं टाळावीत. जोरकस व्यायामानंही ते वाढतं आणि दोष बिचाऱ्या गोळीवर येतो.

व्यायामाच्या लागोपाठच्या दोन खेपांना 15 आवर्तनं आरामात निघाली की हातांचं वजन 1 ते 2 किलोनं, पायांचं 2 ते 4 किलोनं वाढवायचं. वजन वाढलं की आवर्तनं 10 वर येतात, तिथून पुन्हा 15 कडे. वय झालं म्हणून हे जमणार नाही असं समजू नये. 1990 साली बोस्टनमध्ये सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, धडधड, अंधारी, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांतलं काहीही झालं तर थांबायचं. थोडं बसून पुन्हा करून बघू, असं नाही.

हे सारं डिस्चार्ज कार्डावर चार ओळींत मावतं: किती तारखेपर्यंत किती किलोच्या वर नाही, त्यानंतर कोणत्या व्यायामानं सुरुवात, किती आवर्तनं, आणि पुढची तपासणी कधी. डॉक्टरांकडे वेळ नसतो हे खरं, पण ही ओळ फिजिओथेरपिस्ट लिहू शकतो आणि पुढच्या भेटीत बंदी उठवल्याचं नोंदवू शकतो. बंदीवर तारीखच नसणं ही माझ्या मते आजच्या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक आहे.

जिमचीही जबाबदारी आहे, आणि ती आज बहुतांश ठिकाणी कुणी घेत नाही. प्रवेशाच्या अर्जात छातीतलं दुखणं, चक्कर, घरातला अचानक मृत्यू आणि चालू औषधं हे चार प्रश्न असावेत. चाळिशीपुढच्या नव्या माणसाचा रक्तदाब पहिल्या दिवशी घेतला जावा. पहिल्याच आठवड्यात 'किती उचलतोस ते बघू' हा प्रकार बंद व्हावा.

स्नायू फुगवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडबद्दल तर गप्प बसणं हा गुन्हा आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात वर्षानुवर्षं वजनं मारणाऱ्या 140 पुरुषांची तुलना केली, त्यातले 86 जण स्टेरॉइड घेतलेले. न घेणाऱ्यांचं हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं सरासरी 63 टक्के रक्त बाहेर टाकत होतं, घेणाऱ्यांचं 52 टक्के. त्यांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये चरबीचे थरही जास्त होते. वजनं दोघांनीही उचलली होती. जिममधल्या तरुणाला झटका आला की वजनांकडे बोट दाखवलं जातं आणि त्याच्या बॅगेतल्या इंजेक्शनांबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे तरुणांना खरा धोका कळत नाही आणि ज्या वयस्कांना वजनांची गरज आहे ते घाबरून दूर राहतात.

व्यायाम करताना कुणी कोसळलंच आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा उपाय, मिळाला नाही, तर हृदय बंद पडल्यापासून झटका देणाऱ्या यंत्राला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. एईडी नावाचं हे यंत्र पुढे काय करायचं ते स्वतः बोलून सांगतं. ज्या जिममध्ये हृदयरोगी येतात तिथे ते हाताशी असलंच पाहिजे. पैसे भरण्याआधी ते कुठे ठेवलंय आणि ड्युटीवरच्या ट्रेनरला सीपीआर येतो का, हे विचारून घ्यावं.